शॉकअपमध्ये हवा किती बे?

माझ्या पल्सर 150 च्या मागच्या शॉकअपला छोटे डबे आहेत, वर ‘नायट्रॉक्स’ लिहिलेलं. सोलापुरात ते बघून हमखास प्रश्न येतो, ‘यात हवा किती भरतोस बे?’ मंडळी, भरायचीच नसते! 1980 सालच्या होंडा गोल्ड विंगच्या सस्पेन्शनमध्ये खरोखर हवा भरायचे. आपल्या डब्यात दाबाखालचा नायट्रोजन असतो. खड्ड्यांमध्ये शॉकअपमधल्या तेलाचा फेस होऊ नये, एवढंच त्याचं काम. तो डबा उघडायचा नाही, कुणी कितीही उत्साहाने पाना पुढे केला तरी!

आपल्या हातात असते ती स्प्रिंग. तिच्या टोकाला पाच टप्प्यांची रिंग असते. ऑफिसला एकट्याने जाताना खालचा टप्पा मस्त. पण आईला घेऊन अक्कलकोटला निघालो, की चाळीसेक किलोमीटर तिच्या कमरेची परीक्षा. मागचा भाग दबतो, स्पीडब्रेकरवर ‘धप्प’ होतं आणि हेडलाइट थेट समोरच्याच्या डोळ्यांत. म्हणून आदल्या रात्री टायरची हवा बघायची, गाडी मेन स्टँडवर घ्यायची, सी-स्पॅनर खाचेत अडकवायचा आणि रिंग दोन टप्पे पुढे. दोन्ही बाजूंना अगदी सारखी हं! याने स्प्रिंग कडक होत नाही, ती आधीच थोडी दाबली जाते. त्यामुळे दोघं बसलो तरी गाडी पार तळाला जात नाही. परतल्यावर रिंग मागे, नाहीतर सोमवारी आपलीच हाडं खुळखुळतात.

शॉकअपच्या दांडीवर तेल दिसलं, तर मात्र पाना ठेवा आणि मेकॅनिक गाठा.