उंदराला न चिरता दिसणारी आतड्यातील गाठ

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा अस्तरावरील एका लहान गाठीपासून, म्हणजे पॉलिपपासून सुरू होतो आणि त्याला अनेक वर्षे लागतात. मात्र प्रत्येक पॉलिपचा कर्करोग होत नाही. कोणता होईल हे जाणण्यासाठी तीच गाठ पुन्हा पुन्हा पाहावी लागते. प्रयोगशाळेत नेमकी इथेच अडचण होती. ठराविक आठवड्यांनी काही उंदीर मारायचे, आतडे उघडायचे आणि गाठी मोजायच्या, ही जुनी रीत. मारलेल्या उंदराची गाठ पुढे वाढली असती की विरली असती, हे कधीच कळत नसे.

शरीर न चिरता घेतलेल्या प्रतिमांनी ही अडचण बरीच दूर केली. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत अशा लहान प्राण्यांच्या प्रतिमाचित्रणाची सोय आहे. आतड्याच्या गाठींसाठी सूक्ष्म सीटी स्कॅन उपयोगी पडतो. उंदराला भूल देऊन, आतडे स्वच्छ करून त्यात हवा भरली जाते. त्या काळ्या पोकळीत गाठ उठून दिसते. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी 2005 मध्ये हे तंत्र जिवंत उंदरांवर दाखवले.

उंदराची निवडही महत्त्वाची. 1990 मध्ये वर्णन झालेल्या प्रसिद्ध ‘मिन’ उंदरात गाठी मुख्यतः लहान आतड्यात होतात. त्यामुळे मोठ्या आतड्याच्या अभ्यासासाठी अनेकदा अ‍ॅझॉक्सिमिथेन हे कर्करोगकारक रसायन आणि दाह निर्माण करणारे डीएसएस वापरले जाते.

दुसरा मार्ग काजव्याचा. काजव्यातील ल्युसिफरेज या विकराचे जनुक घातलेल्या कर्करोगपेशी उंदरात सोडतात. ल्युसिफेरिन टोचले की जिवंत पेशी मंद प्रकाश देतात आणि संवेदनशील कॅमेरा तो टिपतो. मात्र ऊतींमध्ये प्रकाश विखुरतो, म्हणून गाठीचा आकार नेमका कळत नाही. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य वापरले, तर निरोगी आतडे आणि मूत्राशयही उजळतात. सीटीच्या वारंवार किरणांचा गाठीवरच परिणाम होण्याची शक्यताही दुर्लक्षिता येत नाही.

तरीही या पद्धतीतून पुढे आलेला प्रश्न रुग्णांपर्यंत पोहोचला. विस्कॉन्सिनच्याच गटाने 2013 मध्ये माणसांतील 6 ते 9 मिलिमीटरच्या पॉलिपांची सीटीने पुन्हा तपासणी केली, तेव्हा 22 टक्के वाढले, 50 टक्के स्थिर राहिले आणि 28 टक्के आक्रसले. गाठीचे अंतिम निदान मात्र आजही सूक्ष्मदर्शकाखालीच होते.