मैदानावरून न्यायासनावर

खेळांत रमलेला मुलगा विद्येस मुकतो, अशी समजूत आपल्या घराघरांतून आढळते. तिला उत्तर देणारें एक चरित्र अमेरिकेंत आहे.

अमेरिकन फुटबॉल हा दांडग्या बळाचा खेळ. त्यांत चेंडू घेऊन धांवणारा कीर्ति मिळवितो. त्याला थोपविणारा बचावपटू मागेंच राहतो. असें असतां, मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचे बचावपटू ॲलन पेज यांस १९७१ सालीं सर्वोत्कृष्ट खेळाडूचा बहुमान लाभला. बचावपटूस तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

परंतु शरीरबळ चार दिवसांचें, हें जाणून त्यांनीं खेळत असतांनाच कायद्याचें अध्ययन केलें व १९७८ सालीं पदवी संपादिली. पुढें १९९३ पासून २०१५ पर्यंत मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयांत ते न्यायमूर्ति होते. त्या आसनावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ होत.

१९८८ सालीं त्यांनीं शिक्षणनिधि स्थापिला. त्यांतून साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्यानें लहान मुलांस अभ्यासांत मदत करावी, अशी अट आहे. आपल्याकडे ज्यास ऋषिऋण म्हणतात, तें फेडण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस तरी ठाऊक नाहीं.