विहिरीच्या तळाशी: 'तुंबाड' आणि त्याचे प्रेक्षक

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी भयपट 12 ऑक्टोबर 2018 रोजी प्रदर्शित झाला. तुंबाड गावातल्या पडक्या वाड्याखाली एक खोल विहीर आहे, तिच्या तळाशी देवीचे गर्भाशय आहे आणि त्यात देवीचा पहिला मुलगा हस्तर भुकेला कोंडलेला आहे, ही चित्रपटाची मूळ कल्पना. हस्तरच्या लंगोटीतून सोन्याच्या मोहरा गळतात आणि त्या चोरण्यासाठी कथेचा नायक विनायकराव दोर लावून खाली उतरतो. या चित्रपटाविषयीचे लोकांचे मत सहा वर्षांत जितके पालटले, तितके अलीकडच्या दुसऱ्या कोणत्याही भारतीय भयपटाविषयी क्वचितच पालटले असेल. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि गर्दी खेचू लागला. त्याच सुमारास दुसऱ्या भागाची घोषणा झाली. मात्र त्या भागात बर्वे नाहीत.

निर्मितीचा काळ लांबलचक आणि बराचसा रखडपट्टीचा होता. 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने बर्वे यांना मराठी भयकथाकार नारायण धारपांची गोष्ट सांगितली. पहिला खर्डा 1997 मध्ये तयार झाला, चित्रीकरणाला 2012 उजाडले. झालेले काम पसंत पडले नाही, म्हणून बराच भाग पुन्हा चित्रित करण्यात आला. कोकणातला खरा पाऊस हवा असल्याने एकामागून एक पावसाळे गेले. प्रेक्षकांचा संबंध सुरू होतो तो 2018 पासून. त्या वर्षी व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात 'तुंबाड'ने झाली आणि हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय चित्रपट ठरला.

देशात मात्र त्याचे स्वागत थंड झाले. बड्या नटाचे नाव नव्हते, प्रेमकथा नव्हती. आठवडाभर आधी आलेला 'अंधाधुन' जोरात होता आणि आठवडाभराने 'बधाई हो' आला. त्या दोन लोकप्रिय चित्रपटांच्या फटीत 'तुंबाड'चे खेळ अडचणीच्या वेळांना लागले. ज्यांनी तो तेव्हा पाहिला त्यांची मते सरळ दोन गटांत विभागली गेली. भूत अचानक समोर उडी मारेल, कर्कश आवाज होईल, दार आपटेल अशा अपेक्षेने आलेल्यांना भीतीच वाटली नाही. हा भयपट आहे की लोभाची बोधकथा, असा त्यांचा आक्षेप होता. दुसऱ्या गटाला विहीर दिसल्यापासून श्वास कोंडल्यासारखे झाले आणि घरी गेल्यावरही तो कोंडमारा सुटला नाही.

पहिल्या गटाचा आक्षेप खोटा नाही, पण चुकीच्या जागी आहे. 'तुंबाड'ची भीती धक्क्यातून येत नाही, ती जागेच्या बांधणीतून येते. वर सतत पाऊस, खाली उतरायला एकच दोर, हातात एक कंदील. गर्भाशयाच्या भिंती लाल, ओल्या, मांसाच्या. तळाशी पिठाचे रिंगण आखायचे, त्याबाहेर पाऊल टाकायचे नाही. कणकेची बाहुली पुढे करायची, भुकेला हस्तर तिच्यावर तुटून पडला की लंगोटीला हात घालायचा आणि बाहुली संपण्याआधी दोरावर असायचे. हे नियम प्रेक्षकाला आधीच कळलेले असतात, त्यामुळे कंदील जरा हलला तरी पोटात गोळा येतो. छायाचित्रकार पंकज कुमार यांनी काळोख उजळण्याचा मोह टाळला. 'फिल्मफेअर'ने छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिआरेखन अशी तीन पारितोषिके दिली. विहिरीची दहशत या तिन्ही कामांवर उभी आहे. 2018 च्या राष्ट्रीय पुरस्कारांच्या यादीत मात्र 'तुंबाड'चे नाव नाही, आणि ही उणीव त्या यादीची आहे.

चित्रपटाच्या सुरुवातीच्या प्रकरणातली साखळदंडाने बांधलेली आजी हस्तरपेक्षा जास्त भयंकर वाटते, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. ती भूमिका मोहम्मद समद या मुलाने केली, आणि विनायकरावांचा मुलगा पांडुरंगही त्यानेच केला, हे पडद्यावर पाहताना फार थोड्यांच्या ध्यानात आले.

मराठी प्रेक्षकांची मते थोडी निराळ्या वाटेने गेली. नाव ऐकून काहींना श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (1987) ही कादंबरी आठवली. गावाच्या नावापलीकडे या कथेचा तिच्याशी संबंध नाही. हस्तरची कथा पुराणात शोधणारेही निघाले. ती तिथे सापडत नाही, कारण ती चित्रपटासाठीच रचलेली आहे. घरोघरी जुन्या काळापासून सांगितली जात असावी इतकी ती खरी वाटली, हे लेखकांचे यश आहे. ज्योती मालशे यांनी केलेली केशवपन झालेली आई आणि 'माझ्या नवऱ्याची बायको' मालिकेमुळे घराघरांत पोचलेल्या अनिता दाते यांनी केलेली विनायकरावांची बायको, या दोघींनी वाड्याला माणसांचा वास दिला. खटकली ती भाषा. 1918 च्या कोकणातली आई लेकराला हिंदीत दटावते आणि पुण्यात राहणारा विनायकराव बायकोशी हिंदीत बोलतो, हे मराठी कानाला शेवटपर्यंत टोचते. अजय-अतुल यांचे शीर्षकगीतही हिंदीतच आहे.

हे दुखणे एकट्या 'तुंबाड'चे नाही. उसाच्या फडात माणूस कोंडणारा विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' 2017 मध्ये आला; देशभरातल्या प्रेक्षकांना तो माहीत झाला तो 2021 च्या 'छोरी' या हिंदी रूपात. कोकणातला 'मुंज्या' 2024 मध्ये मराठी दिग्दर्शकाने, आदित्य सरपोतदार यांनी, पडद्यावर आणला, तोही हिंदीतच. धारपांनी आयुष्यभर मराठीत भय लिहिले, वाचकांनी ती पुस्तके वाचनालयांतून झिजेपर्यंत वाचली, आणि मराठी पडद्याला मात्र त्यांचे पुरते ऋण कधी फेडता आले नाही. बर्वे यांनी ते हिंदीत फेडले, याचा आनंद आणि खंत दोन्ही मराठी प्रेक्षकाच्या बोलण्यात येतात.

2018 मधला खेळ संपल्यावर चित्रपट ॲमेझॉन प्राइमवर गेला, आणि खरे मतपरिवर्तन तिथे घडले. टाळेबंदीच्या काळात घरात अडकलेल्या माणसांनी तो पाहिला आणि एकमेकांना सांगितला. वाखाणणी झाली, पण अनेकांनी तो हातभर अंतरावर धरलेल्या मोबाइलवर, दिवा लावून, मधेच थांबवत पाहिला. त्या पडद्यावर पंकज कुमारांचा काळोख नुसता काळा डाग होतो आणि विहिरीची खोली दिसतच नाही. ज्या चित्रपटाचा जीव अंधाऱ्या बंद खोलीत आहे, त्याची कीर्ती अशा पाहण्यातून वाढावी, ही त्या वर्षांची सर्वांत दुःखद बाजू.

म्हणूनच 13 सप्टेंबर 2024 चे पुनर्प्रदर्शन मोलाचे ठरले. त्या वर्षी जुने चित्रपट पुन्हा लावण्याची लाटच होती, तरी 'तुंबाड'ची बरोबरी थोड्याच चित्रपटांना साधली. त्याच दिवशी लागलेल्या 'द बकिंगहम मर्डर्स' या नव्या चित्रपटाला त्याने पहिल्याच दिवशी मागे टाकले, आणि पहिल्या खेपेला जी कमाई झाली नव्हती ती दुसऱ्या खेपेला झाली. सहा वर्षांपूर्वी रिकाम्या खुर्च्या दिसल्या होत्या तिथे लोक मित्रांना घेऊन आले. भीती वाटत नाही हा जुना आक्षेप जवळजवळ विरला. शेवटाविषयीचा वाद मात्र टिकला. विहिरीत एकाऐवजी अनेक हस्तर अंगावर येतात, मुलाला वाचवण्यासाठी विनायकराव बाहुल्या स्वतःला बांधून घेतो, शापित होऊन वर येतो आणि लंगोटी मुलापुढे धरतो. पांडुरंग ती नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. काहींना हा शेवट उपदेशाचा वाटतो. पण मुलाचा तो नकार विहिरीत उतरायला शिकलेल्या मुलाचा आहे, सोन्याची चव घेतलेल्याचा आहे. त्यामुळे तो पटतो.

दुसऱ्या भागाची घोषणा निर्माता आणि नायक सोहम शाह यांनी केली. बर्वे आणि सर्जनशील दिग्दर्शक आनंद गांधी त्यात नाहीत. बर्वे यांनी शुभेच्छा दिल्या आणि आपली कल्पना तीन चित्रपटांची होती, 'तुंबाड', 'पहाडपांगिरा' आणि 'पक्षीतीर्थ', असे सांगितले. पहिल्या चित्रपटावर जीव लावलेले प्रेक्षक तेव्हा दोन प्रश्न विचारू लागले: विनायकराव जळाला आणि पांडुरंगाने लंगोटी नाकारली, तर आता विहिरीत कोण उतरणार? आणि तिथला काळोख तितकाच दाट ठेवणारा दिग्दर्शक कोण असेल?