मेंडोसाची लाल वाइन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात एक गारपीट वर्षभराची मेहनत मातीत घालते. द्राक्षाचं पीक हवामानाच्या मर्जीवर उभं असतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तरीही वाइनचा विषय निघाला, की कौतुक होतं ते लाकडी पिंपांचं आणि बाटलीच्या वयाचं. वेल जिथं वाढली ती जागा विसरली जाते. अर्जेंटिनातल्या मेंडोसा प्रांताची 'माल्बेक' ही गडद लाल वाइन घडते ती त्या जागेमुळेच. म्हणून तिच्याविषयीचे काही समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : माल्बेक मूळची अर्जेंटिनाचीच.

वस्तुस्थिती : ही द्राक्षजात नैर्ऋत्य फ्रान्सची. तिथल्या काओर परिसरात आजही तिचाच मान मोठा आहे. १८५३ मध्ये मेंडोसात शेतीशाळा काढायचं ठरलं. ती उभी करणाऱ्या मिशेल पुजे या फ्रेंच कृषितज्ज्ञानं ज्या फ्रेंच जाती आणल्या, त्यांत माल्बेकही होती. फ्रान्समधल्या ओलसर हवेच्या बोर्दोत तिची फुलगळ व्हायची. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीनं तर तिथल्या असंख्य वेली मारल्या. कोरड्या मेंडोसात मात्र ती रुजली.

गैरसमज : पाऊस नाही, तिथं चांगलं द्राक्ष नाही.

वस्तुस्थिती : मेंडोसात वर्षाकाठी जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पूर्वेला माण-खटाव कोरडे राहतात, तसाच हा आंदीजच्या पर्जन्यछायेतला मुलूख. पाणी मिळतं ते आंदीजवरच्या वितळत्या बर्फाचं. स्पॅनिश लोक येण्याआधीच हुआर्पे आदिवासींनी इथं पाट काढले होते. आता ठिबकही आहे. वेलीला पाणी कधी आणि किती द्यायचं, हे शेतकऱ्याच्या हाती राहतं. पाणी बेतानं दिलं की मणी लहान राहतात. रसाच्या मानानं साल जास्त भरते, आणि लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतूनच येतो. शिवाय कोरड्या हवेत डावणीसारखे रोगही कमी.

गैरसमज : वाळवंटातली वाइन म्हणजे नुसती उन्हाची, जड.

वस्तुस्थिती : इथं उंची मदतीला येते. दर १०० मीटर चढलं की तापमान साधारण अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उतरतं. मेंडोसातल्या ऊको खोऱ्यातील बागा सुमारे ९०० ते १,५०० मीटरवर आहेत. दिवसा लख्ख ऊन, रात्री गारवा. गार रात्रींमुळे मण्यातला आंबटपणा टिकतो आणि वाइन ताजी लागते. विरळ हवेतून येणाऱ्या तीव्र अतिनील किरणांना उत्तर म्हणून साल जाड होते, तिच्यात रंगद्रव्यं वाढतात. १९९२ मध्ये मेंडोसाचे वाइन-उत्पादक निकोलास कातेना यांनी सुमारे १,४५० मीटरवर बाग लावली, तेव्हा एवढ्या उंचीवर द्राक्ष पिकेल का, अशी शंका अनेकांना होती. द्राक्ष पिकलं, आणि पुढे अनेक बागा त्याच वाटेनं वर चढल्या.

गैरसमज : जमीन जितकी कसदार, तितकी वाइन उत्तम, आणि मातीची चव थेट वाइनमध्ये उतरते.

वस्तुस्थिती : कसदार जमिनीत वेल पानांनीच माजते. मेंडोसाची जमीन नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूची, गोट्यांची. काही ठिकाणी चुनखडीचीही. पाणी तिच्यातून झटकन निचरतं. चव मात्र मण्यात आणि नंतर आंबवण्याच्या क्रियेत तयार होते. जमीन वेलीला किती पाणी आणि ऊब देते, यातून तिचा प्रभाव पडतो.

गैरसमज : इतकं अनुकूल हवामान म्हणजे निर्धास्त शेती.

वस्तुस्थिती : उन्हाळ्यात गारा पडतात, म्हणून कित्येक बागांवर जाळ्या ताणलेल्या असतात. डोंगरावरून उतरणारा सोंदा नावाचा गरम, कोरडा वारा फुलोरा जाळू शकतो. मोठी काळजी पाण्याची आहे, कारण २०१० नंतर अनेक वर्षं आंदीजवर बर्फ कमी पडला. आपला शेतकरी मृगाच्या ढगांकडे पाहतो. मेंडोसाचा द्राक्षबागाईतदार हिवाळ्यात डोंगरमाथ्याकडे पाहतो, कारण पुढच्या हंगामाचं पाणी तिथं साठत असतं.