ॲव्हरेज गाडीचं की रस्त्याचं?

भिलाईतल्या मराठी घरातली गाडी दोन वेगवेगळी कामं करते. आठवडाभर ती टाउनशिपमध्ये फिरते: सेक्टरमधून पोलाद कारखान्याच्या गेटपर्यंत, सिव्हिक सेंटर, मुलांची शाळा, सुपेल्याचा बाजार. एकेका फेरीत चार-पाच किलोमीटर. मग सणाला, लग्नाला किंवा मोठ्या दवाखान्याच्या कामाला तीच गाडी राष्ट्रीय महामार्ग ५३ धरते आणि राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत नागपूर गाठते. हे अंतर साधारण अडीचशे किलोमीटर. दुर्ग-रायपूर भागाचा कारभार भोसल्यांच्या काळात नागपुरातून चालायचा आणि पुढे मध्य प्रांताची राजधानीही १९५६ पर्यंत नागपूरच होती. या रस्त्यावरची सोयरीक जुनी आहे ती त्यामुळे.

अशा घरात नवी गाडी घ्यायची झाली की आज एकच प्रश्न अडतो. हायब्रिड घ्यावी की डिझेल? शोरूममध्ये उत्तर तयार असतं. मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. साधारण त्याच आकाराच्या ह्युंदाई क्रेटा डिझेलचा, हाताने गिअर टाकायच्या गाडीचा, २१.८. सहा किलोमीटरचा फरक दिसल्यावर बोलणंच संपतं. पण या दोन आकड्यांमधून भिलाईच्या माणसाला त्याच्या रस्त्यावर काय मिळेल ते कळत नाही. हे कसं ते समजून घेण्यासारखं आहे.

हे आकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थांच्या प्रयोगशाळेत निघतात. गाडी रस्त्यावर जातच नाही. तिची चाकं रोलरवर ठेवतात आणि चालक ठरवून दिलेल्या तक्त्याप्रमाणे सुमारे वीस मिनिटं वेग कमी-जास्त करतो. या तक्त्यात शहरी चालवण्याचा एक तुकडा चार वेळा येतो, त्यानंतर एकदाच मोकळ्या रस्त्याचा. सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर आणि तोही क्षणभर. सरासरी वेग तिशीच्या थोडा वर. एसी बंद. म्हणजे थांबा, निघा, पुन्हा थांबा, असाच बराचसा प्रकार. या परीक्षेचा पेपर हायब्रिडला सोपा जातो. त्यात लबाडी नाही, पण नागपूरच्या रस्त्यावर हा पेपर येत नाही.

प्रयोगशाळा आणि रस्ता यांत फरक पडतो हे जगभर दिसलं आहे. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांमध्ये प्रत्यक्ष खर्च झालेल्या इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये अहवाल दिला. डिझेल गाड्या जाहीर आकड्यापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त इंधन खात होत्या, पेट्रोल गाड्या सुमारे २४ टक्के. घरी प्लग लावून चार्ज करायच्या हायब्रिड गाड्या तर जाहीर आकड्याच्या साडेतीन पट, कारण लोक त्या पुरेशा चार्जच करत नव्हते. आपल्याकडच्या हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी या हायब्रिडना प्लग नाही, त्या स्वतःच चार्ज होतात. म्हणून ती साडेतीन पटीची भीती इथे लागू नाही.

आता टाउनशिपमध्ये येऊ. दोन माणसं बसलेली गाडी म्हणजे साधारण १,४०० किलो. ती ताशी ५० च्या वेगाने जाते तेव्हा तिच्यात सुमारे १३५ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. साधं पेट्रोल इंजिन शहरात इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव हिस्सा कामी आणतं, म्हणजे हा वेग मिळवायला साधारण १८ मिलिलिटर पेट्रोल जळतं. चौकात ब्रेक दाबला की या सगळ्याची उष्णता होऊन ती हवेत जाते. असे पन्नास ब्रेक म्हणजे जवळपास एक लिटर पेट्रोल, फक्त थांबण्यासाठी. शिवाय उभ्या गाडीचं इंजिन एसी चालू ठेवून तासाला अर्धा ते एक लिटर पितं ते वेगळंच.

हायब्रिडमध्ये इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असते. ब्रेकचं पेडल हलकं दाबलं की मोटर उलटी वागते, जनित्र होते आणि गाडीचा वेग विजेच्या रूपात बॅटरीत ओतते. मोटर, बॅटरी आणि पुन्हा मोटर अशा प्रवासात गळती होतेच. साधारण निम्मी ऊर्जा परत चाकांना मिळते. पोलाद कारखान्यात काम केलेल्या माणसाला ही कल्पना नवी नाही. ब्लास्ट फर्नेसच्या तोंडून निघणारा वायू हवेत सोडून देत नाहीत, तोच स्टोव्हमध्ये जाळून भट्टीत जाणारी हवा तापवतात. वाया जाणारं परत कामाला लावायचं, हे तत्त्व तिथलंच आहे.

पण ब्रेकमधून परत आलेली ऊर्जा हा हायब्रिडच्या फायद्याचा लहान भाग आहे. मोठा भाग इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिनाला कमी ताकद हवी असते तेव्हा हवेच्या वाटेतली झडप अर्धवट मिटते, आणि मिटल्या झडपेतून हवा ओढून घ्यायलाच इंजिनाची बरीच शक्ती जाते. पाळी सुटल्यावर गर्दीत रांगत चाललेली पेट्रोल गाडी इंजिनाला नेमकी त्याच्या सर्वात उधळ्या अवस्थेत ठेवते. हायब्रिड त्या वेळी इंजिन सरळ बंद करते आणि बॅटरीवर चालते. इंजिन सुरू होतं तेव्हा त्याला भरपूर काम देते. गाडीला लागत नाही ती ताकद बॅटरीत जाते. इंजिनही वेगळ्या चक्राचं असतं. जेम्स ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ च्या सुमारास मांडलेली युक्ती, दाबण्याच्या टप्प्यापेक्षा प्रसरणाचा टप्पा लांब ठेवण्याची, त्यात वापरलेली असते. त्यामुळे ताकद थोडी घटते, ती उणीव मोटर भरून काढते. हायरायडरमधलं दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन अनुकूल स्थितीत इंधनातल्या ऊर्जेचा ४० टक्के हिस्सा कामात बदलतं. पेट्रोल इंजिनासाठी ही फार मोठी मजल आहे.

डिझेलला हा रोग मुळातच कमी. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनापासून तत्त्व एकच आहे: हवा भरपूर घ्यायची, ती प्रचंड दाबायची, तापलेल्या हवेत इंधन फवारायचं. ताकद कमी-जास्त करायची ती इंधन कमी-जास्त करून. हवेचा गळा आवळायचा नाही. म्हणून अर्ध्या ताकदीवरही डिझेल उधळपट्टी करत नाही. डिझेलला हायब्रिड केलं तर फायदा थोडा आणि खर्च दुहेरी होतो तो यामुळेच. प्यूजोने २०१२ च्या सुमारास ३००८ या मॉडेलमध्ये तसा प्रयोग बाजारात आणला होता, तो रुजला नाही.

टाउनशिपमध्ये, सुपेल्यात, पॉवर हाउसच्या गर्दीत हायब्रिडचा विजय निर्विवाद आहे. टोयोटा सांगते की शहरात तिच्या हायब्रिडचं इंजिन ६० टक्क्यांपर्यंत वेळ बंद असू शकतं. गर्दीच्या वेळचं भिलाई पाहिलं तर यात अतिशयोक्ती वाटत नाही. मात्र इथे एक गोष्ट सहज निसटते. जी. ई. रोडवर कुम्हारी, पॉवर हाउस, सुपेला इथे उड्डाणपूल झाले आणि रायपूरला जाताना होणारे थांबे घटले. त्याने सगळ्याच गाड्यांचं इंधन वाचलं, पण डिझेलचं जास्त वाचलं, कारण थांब्यांतून परत मिळवण्याची सोय तिच्याकडे नव्हती. रस्ता सुधारला की हायब्रिडची आघाडी कमी होते.

नागपूरच्या रस्त्यावर हिशेब आणखी बदलतो. भिलाई आणि नागपूर दोन्ही समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, म्हणजे चढाचा खर्च उतारात बराचसा फिटतो. मधल्या जंगलातला थोडा चढउतार सोडला तर रस्ता सपाटच. ब्रेक क्वचित, म्हणून बॅटरीत परत टाकण्याजोगं काही नाही. तिथे गाडीचं भांडण फक्त दोघांशी, टायरच्या घर्षणाशी आणि हवेशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मध्यम आकाराच्या उंच गाडीला ताशी ८० ला सुमारे ९ किलोवॅट शक्ती लागते, १०० ला १५, आणि १२० ला जवळपास २४.

या आकड्यांवरून मी कागदावर हिशेब मांडला. एसी धरलेला नाही, वारा नाही, इंजिनाची कार्यक्षमता दोन्ही गाड्यांसाठी वाजवी धरली आहे. ताशी १०० ला डिझेल लिटरला २१ किलोमीटर जाते, हायब्रिड साडेसतरा. ताशी ८० ला डिझेल २६, हायब्रिड २४ च्या आसपास. गावात दिसलेली आघाडी महामार्गावर उलटते, आणि वेग वाढेल तशी जास्त उलटते.

हे वाचून हायब्रिड महामार्गावर कुचकामी आहे असं ठरवणं मात्र चूक आहे. या हिशेबात ताशी १०० ला दोन्ही गाड्या दर किलोमीटरला सारखीच ऊर्जा खर्च करतात, सुमारे १,७०० किलोज्यूल. फरक पडतो तो लिटरमध्ये. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, शुद्ध पेट्रोलमध्ये ३२ च्या आसपास. आणि आज पंपावर शुद्ध पेट्रोल मिळत नाही. मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये फक्त २१ मेगाज्यूल, म्हणून मिश्रणाचा लिटर ३० मेगाज्यूलचा होतो. डिझेलचा लिटर पेट्रोलच्या लिटरपेक्षा एक पंचमांशाने श्रीमंत असताना आपण दोन्ही गाड्यांचं ‘लिटरला किती’ शेजारी ठेवून तुलना करतो. धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही लिटरमागे डिझेलचा जास्त आहे, सुमारे २.६५ किलो, मिश्र पेट्रोलचा सव्वादोनच्या आत. म्हणून ताशी १०० ला साडेसतरा देणारी हायब्रिड आणि २१ देणारी डिझेल हवेला जवळपास सारखीच. हवेची काळजी असणाऱ्याने लिटर विसरून ही तुलना पाहावी, असं मला ठामपणे वाटतं.

खिशाचं वेगळं. २०१२ च्या उन्हाळ्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर होतं आणि डिझेल ४१ च्या आसपास. डिझेल गाडीची खरी पुण्याई त्या तफावतीत होती, ॲव्हरेजमध्ये तितकी नव्हती. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले गेले, आणि आज भिलाईत दोन्ही इंधनांच्या दरात दहा रुपयांहूनही कमी अंतर आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. मराठी माणसाच्या मनात डिझेल इंजिन आणि किर्लोस्कर ही नावं जोडीने येतात. त्याच किर्लोस्कर घराण्याच्या भागीदारीतली टोयोटा किर्लोस्कर आज देशात हायब्रिड विकण्यात सर्वात पुढे आहे. पण तिनेही डिझेलची इनोव्हा क्रिस्टा हायब्रिड हायक्रॉसच्या शेजारी चालू ठेवली होती. महिन्याला हजारो किलोमीटर महामार्गावर धावणारा टॅक्सीवाला डिझेल का मागतो, हे तिला कळत होतं.

बीएस-६ डिझेलची एक अडचण टाउनशिपवाल्याने नीट ऐकावी. धुरातली काजळी अडवायला तिच्यात गाळणी असते, आणि ती साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते. त्यासाठी गाळणी खूप तापावी लागते, म्हणजे गाडी सलग बराच वेळ बऱ्या वेगात पळावी लागते. घर ते गेट आणि गेट ते घर अशा फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतही नाही. काजळी साचते, दिवा लागतो, साफसफाईसाठी जादा डिझेल जळतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच नागपूरला जाणाऱ्या घराने डिझेल घेणं मला पटत नाही.

हायब्रिडलाही इथला उन्हाळा सोपा नाही. पारा ४४-४५ वर जातो तेव्हा एसीचा पंप बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी लहान, हायरायडरमध्ये पाऊण युनिटच्या आसपास. उभ्या गाडीत एसी लावून बसलात तर ती लवकर उतरते आणि इंजिन पुन्हा पुन्हा सुरू होतं. बॅटरी थंड ठेवायला गाडीच्या आतलीच हवा ओढतात. ती वाट पिशव्यांनी बंद करू नये, आणि जाळीत साचलेली धूळ सर्व्हिसिंगच्या वेळी काढून घ्यावी.

आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज काढायचं तर पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. बॅटरी भरलेली असताना तीन किलोमीटरच्या फेरीला हायब्रिड चाळीसही दाखवेल, आणि ते इंधन नंतरच्या फेरीत वसूल होईल. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा. गावातली टाकी आणि नागपूरची टाकी वेगळी मोजा. नागपूरचं मोजताना जाऊन-येऊन मोजा, म्हणजे वारा कापला जाईल.

आणि जमलं तर दोन वेगांनी मोजा. अडीचशे किलोमीटर ताशी १०० ऐवजी ८० ने गेल्यास साडेसदतीस मिनिटं जास्त लागतात. वरच्या हिशेबाने त्यात हायब्रिडचं साडेतीन लिटरहून जास्त पेट्रोल वाचतं आणि डिझेल गाडीचं सव्वादोन लिटरहून जास्त डिझेल. ८० ने जाणारी हायब्रिड १०० ने जाणाऱ्या डिझेलपेक्षा लिटरमागे अडीच-तीन किलोमीटर पुढे जाते.