घर विकणे रहित झाले, तर दलाली द्यावी काय?

वडिलोपार्जित घर विकावयास काढणे ही कोणत्याही कुटुंबात सोपी गोष्ट नसते. मुले दूरच्या शहरी स्थिरावली, छपराची डागडुजी झेपेनाशी झाली, म्हणजे घरचा कर्ता जड अंतःकरणाने दलालाकडे जातो. परंतु समजा, दोन महिन्यांनी मुलगाच गावी परतावयाचे म्हणतो, किंवा म्हातारी आई म्हणते, "मी आहे तोवर हे घर परक्याच्या हाती देऊ नका." विक्री रहित होते. तोच दलाल दारी येतो : "गिऱ्हाईक मी आणले, माझी दलाली द्या." अशा वेळी काय करावे?

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या २१९ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर सोपविलेले काम पुरे झाल्यावाचून मोबदला देय होत नाही. म्हणजे "घर विकून द्या, मग दलाली घ्या" एवढेच ठरले असेल आणि घर विकलेच गेले नाही, तर दलालाचा हक्क सामान्यतः उभा राहत नाही.

इंग्लंडातील हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९४१ साली असाच निवाडा दिला. चित्रपटगृहांची विक्री पुरी झाल्यावर दलालास १०,००० पौंड मिळावयाचे होते. त्याने खरेदीदार आणले, पण मालकांनी त्यांना विक्री केली नाही. दलालास काही मिळाले नाही. मोठ्या लाभाच्या आशेने त्याने तो धोका पत्करला होता, आणि मालकास मन बदलण्याची मोकळीक होती.

एवढे वाचून निर्धास्त होऊ नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९५० साली कलकत्त्यातील एका घराचा वाद आला. तेथे मालकाने लिहून दिले होते की, निदान १ लाख रुपये देणारा खरेदीदार मिळवून दिल्यास दलाली देईन. दलालाने खरेदीदार मिळविला. मालकाने मात्र त्यास बाजूला सारून व्यवहार उरकला. न्यायालयाने दलालाच्या बाजूने कौल दिला, कारण ठरलेले काम त्याने केलेले होते.

"विक्री झाल्यावर" आणि "खरेदीदार मिळवून दिल्यावर" ह्या दोन शब्दप्रयोगांतील अंतर थोडे दिसते, परंतु सारा वाद तेथेच मिटतो किंवा पेटतो. त्याखेरीज, ठराविक मुदतीपर्यंत काम दलालाकडेच ठेवण्याचे वचन दिले असेल आणि सबळ कारणावाचून ते मध्येच काढून घेतले, तर २०५ व्या कलमाप्रमाणे भरपाई द्यावी लागते. तोंडी बोलणेही करारच ठरू शकते, हे विसरू नये.

यास्तव दलालाकडे जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. भावंडांचा हिस्सा असेल तर त्यांची संमती आधी घ्यावी. गोव्यात तर पत्नीच्या संमतीवाचून पतीस स्थावर विकता येत नाही. मागाहून तिचा नकार आला तर दोष दलालाचा कसा? मग कागदावर चार गोष्टी लिहाव्या : दलाली किती, ती केव्हा देय होईल, मुदत किती, आणि विक्री रहित झाल्यास काय द्यावयाचे. बेत बदलल्यास त्याच दिवशी दलालास लेखी कळवावे. खरेदीदाराकडून विसार घेऊन साठेखत केले असेल, तर मात्र वकिलास विचारल्यावाचून पाऊल मागे घेऊ नये. तेथे प्रश्न केवळ दलालीचा राहत नाही, खरेदीदारही न्यायालयात दाद मागू शकतो.

आणखी एक गोष्ट. "विकावयाचे नाही" असे सांगून दलालास वाटेला लावावे आणि त्यानेच आणलेल्या माणसास गुपचूप घर द्यावे, ही काटकसर नव्हे. ती कष्टकऱ्याच्या मजुरीची चोरी होय. परंतु खरोखरच मन बदलले असेल आणि कागदही स्वच्छ असेल, तर दलालाच्या तगाद्याने घाबरून घर विकण्याचे कारण नाही. आईला तिच्या घरात सुखाने राहू द्यावे.