पिल्लू मोठं का होत नाही? माइनक्राफ्टच्या सर्व्हरवरचं डुक्करपालन

माइनक्राफ्टमध्ये डुकराचं पिल्लू 20 मिनिटांत मोठं होतं. खेळातला एक दिवसही 20 मिनिटांचाच असतो. या दोन आकड्यांच्या सारखेपणातून डुक्करपालनातला सगळ्यात चिवट गैरसमज जन्माला येतो. संध्याकाळी जोडी लावायची, पलंगावर झोपायचं, सूर्य उगवला की पिल्लं मोठी झालेली असणार, असं मानून चालणारे खेळाडू जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर भेटतात. सकाळी कुंपणात तीच चिमुकली पिल्लं दिसली की सर्व्हर बिघडलाय, अशी तक्रार ॲडमिनकडे जाते.

सर्व्हर बिघडलेला नसतो. झोपल्यावर आकाशातलं घड्याळ पुढे सरकतं, पिल्लाचं वय सरकत नाही. पिल्लाचं वय टिकमध्ये मोजलं जातं. टिक म्हणजे सर्व्हरच्या कामाचा एक फेरा. सेकंदाला असे 20 फेरे होतात आणि पिल्लाला मोठं व्हायला 24,000 फेरे लागतात. झोपेत रात्र उडते, पण त्या रात्रीचे फेरे काही सर्व्हर मारत नाही. म्हणून सगळं गाव झोपलं काय आणि जागं राहिलं काय, पिल्लाला फरक पडत नाही. (हे सगळं जावा आवृत्तीबद्दल. आपल्याकडे बरीच मुलं मोबाइलवर बेडरॉक आवृत्ती खेळतात आणि व्हिडिओ मात्र जावाचे बघतात. काही भांडणं तर फक्त तेवढ्यावरूनच होतात.)

याला जोडूनच दुसरा समज येतो: लॉग-आउट करून शाळेत जाऊन आलं की मागे पिल्लं वाढलेली असतील. फोनवरच्या शेतीच्या खेळांनी लावलेली ही सवय आहे. तिथे पीक खऱ्या घड्याळावर पिकतं, तुम्ही असा किंवा नसा. माइनक्राफ्टमध्ये मात्र खेळाडूच्या आसपासचीच जमीन जिवंत असते. जग 16 बाय 16 ठोकळ्यांच्या तुकड्यांत, म्हणजे चंकमध्ये, विभागलेलं असतं. सर्व्हरच्या मूळ सेटिंगनुसार खेळाडूच्या चारही बाजूंना साधारण 10 चंकपर्यंत, म्हणजे 160 ठोकळ्यांच्या आतबाहेर, प्राण्यांची हालचाल चालते. त्यापलीकडचं डुक्कर गोठलेलं असतं. ते चालत नाही, वाढत नाही, पुढच्या विणीसाठीही तयार होत नाही. तुम्ही दूरच्या खाणीत दोन तास घालवलेत, तर त्या दोन तासांत डुकरांच्या आयुष्यात एक सेकंदही गेलेला नसतो.

मल्टिप्लेअरची गंमत इथेच सुरू होते. तुम्ही नसताना शेजारी तुमच्या कुंपणाजवळ घर बांधत बसला असेल, तर त्याच्या असण्यावर तुमची पिल्लं वाढतात. म्हणून डुकरांची जागा निवडताना एकांत शोधू नये, असं माझं मत आहे. गावाच्या बाजारालगत, जिथे कोणी ना कोणी सतत फिरत असतं, तिथला वाडा डोंगरापल्याडच्या देखण्या फार्मपेक्षा कितीतरी जास्त मांस देतो.

खाऊ घातलं की पिल्लू झटपट मोठं होतं, हे अर्धं खरं आहे. प्रत्येक घासाने उरलेल्या वेळातला दहावा भाग कमी होतो. जन्मताच दिलेलं गाजर दोन मिनिटं वाचवतं. पाच मिनिटं उरली असताना दिलेलं गाजर फक्त अर्धं मिनिट वाचवतं. म्हणजे घाई असेल तर सुरुवातीला खाऊ घालावं, शेवटी हात आखडावा. आणि पोटासाठी म्हणाल, तर या डुकरांना कधीच खायला घालावं लागत नाही. ती उपाशी मरत नाहीत, म्हातारी होत नाहीत, त्यांना रोग होत नाही. गाजर, बटाटा किंवा बीट लागतं ते फक्त जोडी लावायला आणि पिल्लू लवकर वाढवायला. जुन्या आवृत्त्यांत जोडी गव्हावर लागायची, त्यामुळे जुने खेळाडू अजूनही हातात गहू घेऊन डुकरांसमोर उभे राहतात आणि डुकरं त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

नर-मादी ओळखायची कशी, हा प्रश्न नवे खेळाडू फार मनापासून विचारतात. ओळखायची गरजच नाही. खेळात डुकराला लिंग नाही, कोणतीही दोन मोठी डुकरं चालतात. भावंडांची जोडी लावली तर संतती कमजोर होते, असंही सांगितलं जातं. खेळ आईबापांची नोंदच ठेवत नाही, त्यामुळे एका जोडीपासून अख्खा कळप निर्धास्त उभा करता येतो. खऱ्या डुकरिणीचा गाभणकाळ साधारण 114 दिवसांचा आणि पिल्लं एका वेताला आठ-दहा. इथे गाजर खाल्ल्यावर काही सेकंदांत पिल्लू हजर, पण नेहमी एकच, आणि त्या जोडीला पुढची पाच मिनिटं सुट्टी. पिल्लू मारून मात्र काही मिळत नाही, मांसही नाही आणि अनुभवाचे गुणही नाहीत.

आता गर्दीकडे येऊ. ‘जितकी डुकरं जास्त तितकं उत्पादन जास्त’ हा समज एकट्याच्या जगात फारसा बाधत नाही. सर्व्हरवर तो सगळ्यांना भोवतो. प्रत्येक फेऱ्यात सर्व्हरला दर डुकराची चाल ठरवावी लागते आणि ते कोणाला धडकतंय का, हे तपासावं लागतं. दाटीत ठेवलेल्या डुकरांची धडक-तपासणी संख्येपेक्षा वेगाने वाढते. त्यात सर्व्हरची दमछाक झाली की सेकंदाला 20 ऐवजी 10 फेरे होऊ लागतात. मग 24,000 फेऱ्यांना 20 नव्हे, 40 मिनिटं लागतात. म्हणजे ज्याने हव्यासाने डुकरं कोंबली त्याचीच पिल्लं उशिरा वाढतात, आणि सोबत शेजाऱ्याची कोंबडी, पलीकडच्याची भट्टी, सगळंच रेंगाळतं. ॲडमिन जनावरांच्या संख्येवर मर्यादा घालतात तेव्हा त्यांना खडूस ठरवण्याआधी हा हिशेब करून पाहावा. शिवाय 2016 पासून खेळातही एक नियम आहे: एकाच ठोकळ्याएवढ्या जागेत 24 पेक्षा जास्त प्राणी दाटले की ते घुसमटून मरू लागतात.

मालकीबद्दलचा गोंधळ तर भांडणापर्यंत जातो. डुकरावर सॅडल चढवलं की ते आपलं झालं, असं अनेकांना वाटतं. कुत्रा-मांजरासारखं डुक्कर पाळीव करता येत नाही. सॅडल घातलेल्या डुकरावर कोणीही बसू शकतं आणि काठीला गाजर लावून ते हाकू शकतं. नावाचा टॅग लावला तरी ते फक्त नाव असतं, सातबारा नव्हे. खऱ्या संरक्षणासाठी सर्व्हरवर जमीन क्लेम करण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर कुंपण आणि शेजारधर्म एवढाच आधार.

रात्री झॉम्बी डुकरं खातात म्हणून छप्पर घालणारेही आहेत. झॉम्बी डुकरांच्या वाटेला जात नाहीत, रानातले लांडगेही मेंढ्यांवर जातात. भीती असेल तर ती विजेची. वीज पडली की डुकराचं झॉम्बिफाइड पिग्लिन होतं, हातात सोन्याची तलवार घेतलेलं. त्यावर 2021 मध्ये आलेली तांब्याची वीजवाहक काठी हा उपाय आहे. क्रीपर कुंपणाशी फुटला तर डुकरं जातात, पण तो त्यांच्यासाठी आलेला नसतो, तुमच्यासाठी आलेला असतो. गंमत म्हणजे क्रीपर हा डुकराचाच बिघडलेला अवतार आहे. 2009 मध्ये खेळाचा निर्माता मार्कुस पर्सन डुकराची आकृती बनवत असताना लांबी आणि उंचीचे आकडे उलटसुलट झाले आणि तो उभा, चार पायांचा प्राणी तयार झाला.

‘गाय असताना डुक्कर कशाला?’ हा आक्षेप मात्र पूर्ण खोटा नाही. शिजवलेलं डुकराचं मांस आणि गाईचं मांस, दोन्ही भुकेचे आठ गुण भरतात. गाय वर चामडं देते, म्हणून पुस्तकं बनवायची असतील तर गायच पाळावी. पण बटाट्याचं शेत असेल तर हिशेब बदलतो. कच्चा बटाटा खाल्ला तर एक गुण मिळतो. तेच दोन बटाटे एका जोडीला घातले तर पिल्लू येतं, आणि ते मोठं झाल्यावर एक ते तीन मांसाचे तुकडे देतं. सरासरी दोन धरले तरी शिजवून 16 गुण झाले, भट्टीचं जळण तेवढं वेगळं. अग्निशक्ती असलेल्या तलवारीने मारलं तर मांस शिजूनच पडतं, मग जळणही नको.

राहिला रंगांचा विषय. 2025 च्या मार्चमध्ये थंड आणि उष्ण प्रदेशांतली वेगळी डुकरं आली, एक केसाळ, दुसरं तांबूस. तेव्हापासून बर्फाळ डोंगरावर वाडा बांधून गुलाबी जोडीला केसाळ पिल्लं होण्याची वाट बघणारे दिसू लागलेत. प्रदेशाचा परिणाम फक्त रानात आपोआप आलेल्या डुकरावर होतो. कुंपणात जन्मलेलं पिल्लू दोन पालकांपैकी एकाचं रूप घेतं, वाडा कुठेही असो. शिवाय जुन्या सर्व्हरवर गावाजवळची रानडुकरं पहिल्या काही दिवसांतच संपलेली असतात आणि नवी फार सावकाश येतात, कारण बहुतेक जनावरं जमीन पहिल्यांदा तयार होतानाच तिच्यावर ठेवली जातात. तेव्हा केसाळ डुक्कर हवं असेल तर अजून कोणी पाय न ठेवलेल्या थंड मुलखात जावं, दोन डुकरं दोरीला बांधावीत आणि वाटेत नदी लागली तर होडीत बसवून आणावीत.